मेंदूला फक्त वासच पोचावा: एमआरआय आणि ईईजीसाठी ऑल्फॅक्टोमीटर कसा बांधावा

डोळ्यांवर प्रयोग करायचा तर पडदा लागतो, कानांवर करायचा तर हेडफोन. दोन्ही बाजारात मिळतात, संगणकाला जोडले की काम सुरू होतं. नाकाचं तसं नाही. बटण दाबलं म्हणून वास लगेच येत नाही आणि सोडलं म्हणून लगेच जात नाही. तो नळीला चिकटतो, खोलीत रेंगाळतो, कपड्यांत बसतो. तरीही मेंदूच्या अभ्यासात विचारायचा प्रश्न नेमका असतो: या क्षणी, इतका वेळ, इतका तीव्र वास दिला तेव्हा मेंदूत काय घडलं? हे साधून देणाऱ्या यंत्राला ऑल्फॅक्टोमीटर म्हणतात. नावात मीटर असलं तरी त्याचं मुख्य काम वास मोजणं नाही, वास मोजूनमापून देणं आहे.

कल्पना जुनी आहे. नेदरलँड्सच्या हेन्ड्रिक झ्वार्डेमाकर यांनी १८८८ मध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा ऑल्फॅक्टोमीटर मांडला. बाहेरची नळी वासाची. ती जितकी उघडी राहील तितका वास जास्त. पुढे जर्मनीत एर्लांगेनच्या गेर्ड कोबाल यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे यंत्र विकसित केलं, त्यावर आजची बहुतेक यंत्रं उभी आहेत. नाकात हवेचा प्रवाह सतत सोडायचा, मिनिटाला सुमारे ८ लिटर. ती हवा शरीराइतकी उबदार आणि ८० टक्क्यांच्या आसपास दमट ठेवायची, आणि तिच्यातच वासाची हवा अशी अदलाबदल करून सोडायची की प्रवाह बदललाय हे नाकाला कळूही नये.

माझ्या मते सगळी मेख त्या शेवटच्या अटीत आहे. वास सोडणं सोपं आहे, अत्तराचा फायाही ते करतो. अवघड आहे ते वास सोडून बाकी काहीही बदलू न देणं. झुळूक, गारवा, आवाज, ओलावा यांतलं काहीही वासाबरोबर बदललं तर मेंदू त्यालाही प्रतिसाद देतो, आणि स्कॅनमध्ये उजळलेला भाग वासाचा की गारव्याचा हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. खालची प्रत्येक पायरी या एका गोष्टीसाठी आहे.

पहिली पायरी: ईईजी की एमआरआय, हे आधी ठरवा

सुटे भाग मागवायच्या आधी हे ठरलं पाहिजे, कारण दोन्हींच्या गरजा जवळजवळ उलट आहेत.

ईईजी म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी मेंदूची विद्युत हालचाल नोंदवणं. त्यात आपण मिलिसेकंद मोजतो. वासाला मिळणारा मेंदूचा पहिला मोठा विद्युत प्रतिसाद साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंदांत दिसतो आणि अनेक फेऱ्यांची सरासरी काढल्यावरच तो उमटतो. म्हणून वास नाकात शिरताना एकदम चढला पाहिजे. कोबाल पद्धतीच्या यंत्रात हा चढ २० मिलिसेकंदांच्या आत असतो. हळूहळू वाढणाऱ्या वासाने सरासरी पसरट होते आणि लाट हरवते.

फंक्शनल एमआरआयमध्ये मोठ्या चुंबकाच्या यंत्राने आपण मेंदूच्या रक्तप्रवाहातला बदल पाहतो. त्याचं टोक ५-६ सेकंदांनी येतं, त्यामुळे शे-दोनशे मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तरी चालतं. मात्र तो उशीर दर वेळी सारखाच हवा. इथली खरी अडचण चुंबकाची. ३ टेस्लाचं यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साठ हजार पटींच्या घरातलं क्षेत्र, आणि ते रात्रंदिवस चालू असतं. स्कॅन सुरू नाही म्हणून धोका नाही, असं नसतं. त्या खोलीत जाणारा प्रत्येक भाग काच, टेफ्लॉन किंवा प्लास्टिकचाच हवा. नट-बोल्ट, स्प्रिंग, क्लिप काहीही आत नको. मी प्रत्येक भाग आत नेण्याआधी बाहेर हातातल्या छोट्या चुंबकाने तपासतो आणि मग तो एमआरआय तंत्रज्ञांना दाखवतो. शेवटचा शब्द त्यांचा.

दुसरी पायरी: बिनवासाची हवा

हवेचे दोन मार्ग आहेत: वैद्यकीय हवेचं सिलिंडर किंवा तेलविरहित काँप्रेसर. गॅरेजमधला काँप्रेसर वापरू नका, त्यातला तेलाचा सूक्ष्म धूर कितीही गाळला तरी येत राहतो. सिलिंडर घेतलं तर ते स्कॅनरच्या खोलीबाहेरच, साखळीने भिंतीला बांधून ठेवायचं.

काँप्रेसरनंतर दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, मग ओलावा टिपणारी सिलिका जेलची नळी, मग सक्रिय कोळशाचा फिल्टर. सिलिका आधी आणि कोळसा नंतर, कारण ओला कोळसा वास नीट धरत नाही. हवा स्वच्छ झाल्यावर तिच्यात मोजून ओलावा परत घालायचा: मुख्य प्रवाह डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीतून बुडबुड्यांनी काढायचा. कोरडी हवा अर्धा तास नाकात गेली की आतली त्वचा चुरचुरते आणि माणूस शिंकतो. शिंक म्हणजे डोकं हललं, आणि डोकं हललं की तेवढा स्कॅन वाया. बाटलीतलं पाणी मात्र रोज बदला. शिळ्या पाण्याला वास असतो.

तिसरी पायरी: प्रवाह विभागा, पण बेरीज बदलू देऊ नका

ही या यंत्राची मुख्य पायरी आहे, इथे घाई करू नका.

समजा नाकाशी एकूण ३ लिटर हवा दर मिनिटाला द्यायची आहे. तिचे दोन भाग करा. २ लिटर हा कायम वाहणारा स्वच्छ, दमट प्रवाह. तो प्रयोगभर बंद होत नाही. उरलेला १ लिटर बाटल्यांतून जातो. एका बाटलीत नुसतं मिनरल ऑइल, म्हणजे कोरी बाटली. बाकीच्या बाटल्यांत त्याच तेलात मिसळलेली वासाची द्रव्यं. वास द्यायचा नसतो तेव्हा हा १ लिटर कोऱ्या बाटलीतून वाहतो. वास द्यायचा क्षण आला की कोऱ्या बाटलीचा व्हॉल्व्ह बंद आणि वासाच्या बाटलीचा उघडा, एकाच आज्ञेत. नाकाशी आधीही ३ लिटर, नंतरही ३ लिटर.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक लाइनचा अडथळा थोडा वेगळा असतो: एखादी नळी दोन इंच लांब, एखादा जॉइंट जरा जास्त आवळलेला. म्हणून प्रत्येक लाइनवर बारीक सुईचा व्हॉल्व्ह बसवा आणि एकेक लाइन उघडून रोटामीटरवर (हवेचा प्रवाह दाखवणाऱ्या, आत गोळी तरंगणाऱ्या काचनळीवर) नेमका १ लिटर येईपर्यंत जुळवा. रोटामीटर अगदी उभा असला पाहिजे, आणि गोल गोळी असेल तर वाचन गोळीच्या मध्यावर घ्यायचं. पैसे असतील तर प्रवाह स्वतःच मोजून स्थिर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक मास फ्लो कंट्रोलर घ्या. खर्च वाचवायचा असेल तर तो इथे वाचवू नका, दुसरीकडे वाचवा.

आमच्या पहिल्या यंत्राची गोष्ट इथे सांगतो. आकडे जुळवले होते, तरी चाचणीला आलेली साताऱ्याची एक विद्यार्थिनी चौथ्या-पाचव्या फेरीनंतर म्हणाली, ‘‘सर, वास यायच्या जरा आधी नाकाखाली गार लागतं.’’ तिचं बरोबर होतं. दमट प्रवाहाची नळी आमच्या गरम होणाऱ्या वीजपुरवठ्याच्या पेटीवरून गेली होती आणि बाटल्या एसीच्या झोतात होत्या. फरक एखाद्या अंशाचाच असेल, पण नाकाखालच्या त्वचेला तेवढा पुरला. त्या आठवड्याची सगळी मोजणी आम्ही टाकून दिली, नळ्या दुसरीकडून नेल्या आणि बाटल्यांभोवती थर्मोकोलचा डबा केला. तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाला चाचणीनंतर मी एकच प्रश्न विचारतो: वासाशिवाय काही जाणवलं का?

चौथी पायरी: बाटल्या आणि वासाची द्रव्यं

साधारण ६० मिलीच्या काचेच्या बाटल्या, टेफ्लॉनचं अस्तर असलेली झाकणं. बाटलीत द्रव १० मिलीच्या आसपास ठेवा. आत येणारी नळी द्रवाच्या वरच थांबवा, बुडवू नका. बुडबुडे फुटले की तेलाचे कण नळीत जातात आणि ती नळी कायमची वास धरते.

वास निवडताना लोक हमखास चुकतात ते नाकातल्या दुसऱ्या मज्जातंतूला विसरून. नाकात वासाचा मज्जातंतू असतो, तसाच चेहऱ्याचा स्पर्श, चुरचुर, थंडावा कळवणारा ट्रायजेमिनल मज्जातंतूही असतो. पेपरमिंटचा गारवा, निलगिरीचा झटका, कांद्याने डोळ्यात येणारं पाणी ही त्याची कामं. १९७८ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डॉटी आणि सहकाऱ्यांनी वास अजिबात न येणाऱ्या लोकांना ४७ द्रव्यं हुंगायला दिली, तेव्हा त्यांतली ४५ त्यांच्यापैकी कुणाला ना कुणाला जाणवली! व्हॅनिलिन त्या न जाणवलेल्या दोन द्रव्यांपैकी एक. म्हणून शुद्ध वास हवा असेल तर व्हॅनिलिन किंवा गुलाबाच्या वासाचं फेनिलइथाइल अल्कोहोल घ्या, आणि बाकीची द्रव्यं शक्य तितकी पातळ ठेवा.

ओळखीचे वास हा मुद्दाही आपल्याकडे महत्त्वाचा आहे. युरोप-अमेरिकेतल्या ठरीव चाचण्यांत लिकोरिसची गोळी किंवा टर्पेंटाइन असे वास असतात. आपल्याकडच्या अनेकांना त्यांची नावं सुचत नाहीत, आणि मग आपण नाक तपासतोय की ओळख हे कळत नाही. मी केळ्यासाठी आयसोअमाइल ॲसिटेट, लवंगेसाठी युजेनॉल आणि गवती चहासाठी सिट्रल ठेवतो. गवती चहाचा वास नाकाशी आला की इथल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते कुठल्याही प्रश्नावलीत उतरत नाही.

एक हिशेब मात्र चुकवू नका. सगळी द्रव्यं १ टक्का केली म्हणजे हवेत सगळे वास सारखे झाले, असं होत नाही. खोलीच्या तापमानाला आयसोअमाइल ॲसिटेट फेनिलइथाइल अल्कोहोलच्या पन्नास पटींहून अधिक सहज उडतं. म्हणून केळं ०.१ टक्क्यापासून आणि गुलाब १० टक्क्यांपासून सुरू करा. मग दहाबारा जणांना तीव्रतेला दहापैकी गुण द्यायला सांगा आणि गुण जुळेपर्यंत पातळ-दाट करत राहा. तेलात मिसळलेलं द्रव्य कालांतराने कमजोर होतं, त्यामुळे बाटलीवर तारीख लिहिलेली हवीच.

पाचवी पायरी: नळ्या आणि उशिराचं गणित

नळी टेफ्लॉनची. सिलिकॉनची नळी हाताला मऊ लागते, वाकते छान, पण वास स्पंजासारखा पिते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत परत देत राहते. प्रत्येक वासाला स्वतंत्र नळी, थेट नाकापाशी सगळ्या नळ्या एकत्र जोडणाऱ्या ठोकळ्यापर्यंत. मधे कुठेही दोन वासांनी एक नळी वापरायची नाही.

आता गणित. व्हॉल्व्ह विजेवर चालतात, त्यात लोखंड असतं, म्हणून ते कंट्रोल रूममध्ये. तिथून स्कॅनरमधल्या नाकापर्यंत समजा ७ मीटर. आतला व्यास ४ मिलिमीटर असेल तर एवढ्या नळीत ८८ मिली हवा मावते. मिनिटाला १ लिटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मिली. बाटल्या बाहेर ठेवल्या तर वास नाकापर्यंत यायला पाच सेकंदांहून अधिक लागतात, आणि तो वाटेत पसरून बोथट होतो. व्यास निम्मा केला तर आकारमान चौथाई होतं, पण हवेचा अडथळा सोळा पट वाढतो.

यावर चांगला तोडगा असा: व्हॉल्व्ह बाहेर, बाटल्या आत. काचेच्या बाटल्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या खोक्यात स्कॅनरच्या पलंगाशेजारी ठेवा. ७ मीटरच्या नळीतून फक्त स्वच्छ हवेचा दाब प्रवास करतो आणि तो जवळजवळ आवाजाच्या वेगाने पोचतो. बाटलीपासून नाकापर्यंत मग १ मीटरच उरतं; तिथे २ मिलिमीटरची नळी वापरली तर तिच्यात ३ मिलीपेक्षा जरा जास्त हवा मावते, म्हणजे वास ०.२ सेकंदाच्या आसपास नाकाशी. बाटलीच्या दोन्ही बाजूंना एकदिशा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर बंद लाइनमधला वास मागे-पुढे झिरपतो. हे व्हॉल्व्ह स्प्रिंग नसलेले, रबरी चोचीचे घ्या.

भिंतीतून नळ्या नेण्यासाठी स्कॅनरच्या खोलीला वेव्हगाइड नावाचा पाइप असतो. त्यातून फक्त नळ्या न्यायच्या. एकही वायर नाही, अगदी बारीकही नाही. वायर गेली की बाहेरचे रेडिओ तरंग आत येतात आणि चित्रावर पट्टे उमटतात.

सहावी पायरी: व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स

हवेला लागणारे भाग टेफ्लॉनचे असलेले, एरवी बंद राहणारे सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणारे, व्हॉल्व्ह घ्या. त्यांना आज्ञा देणाऱ्या आर्डुइनोच्या (छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डच्या) पिनला ते थेट जोडू नका; मधे जास्त वीज चालू-बंद करणारी यूएलएन २००३ सारखी चिप किंवा मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच लागतो. मॉसफेट वापरला तर व्हॉल्व्हवर उलटा डायोड हवाच, नाहीतर बंद होतानाचा विजेचा झटका बोर्ड जाळतो. यूएलएन २००३ मध्ये डायोड आतच असतात, फक्त त्यांची पिन पुरवठ्याला जोडायला विसरू नका.

एमआरआय यंत्र प्रत्येक प्रतिमेच्या सुरुवातीला एक विद्युत ठोका बाहेर देतं. तो आर्डुइनोला द्या आणि वासाची वेळ त्यावर बांधा. ईईजीत उलट दिशा: व्हॉल्व्ह उघडला की आर्डुइनोने ईईजीच्या नोंदीत खूण टाकायची, आणि मधे ऑप्टोकपलर, म्हणजे तारेऐवजी प्रकाशाने संकेत पोचवणारा भाग, ठेवायचा. माणसाच्या डोक्याला जोडलेलं यंत्र आणि घरच्या विजेवर चाललेली पेटी यांच्यात थेट तार नसावी. सुरक्षेसाठी तर नसावीच, शिवाय ५० हर्ट्झची गुणगुण नोंदीत शिरते.

व्हॉल्व्हची टिकटिक लपवायला ईईजीत हेडफोनमधून सौम्य खरखर लावा आणि व्हॉल्व्हची पेटी फोमच्या खोक्यात ठेवा. प्रत्येक वेळी दोन व्हॉल्व्ह हलत असल्याने कोऱ्या फेरीतही दोनच हलले पाहिजेत. त्यासाठी दुसरी कोरी बाटली ठेवा.

सातवी पायरी: नाक आणि श्वास

नाकाशी टेफ्लॉनचा छोटा ठोकळा आणि त्यापुढे कॅन्युला (नाकपुड्यांत बसणारी मऊ नळी) किंवा मास्क. थ्रीडी प्रिंटरच्या रेझिनचे भाग देखणे होतात, पण त्यांना स्वतःचा वास असतो. वापरायचेच तर बरेच दिवस हवेवर ठेवा. वापरलेली हवा शोषून बाहेर नेणारी दुसरी नळी मास्कजवळ ठेवली नाही, तर तासाभरात खोलीलाच लवंगेचा वास येतो.

श्वासाची नोंद ऐच्छिक नाही. स्टॅनफर्डच्या नोआम सोबेल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की वास नसलेली हवा नुसती हुंगली तरी मेंदूच्या गंधक्षेत्रात हालचाल दिसते. म्हणजे ‘हुंगलं पण वास नव्हता’ अशा फेऱ्या प्रयोगात हव्यातच, आणि कोण कधी, किती जोरात हुंगलं हे माहीत हवं. छातीला हवेचा पट्टा किंवा कॅन्युलाला बारीक दाबमापक, दोन्ही चालतात. दाबमापक बाहेर ठेवा, आत फक्त त्याची नळी. पडद्यावर ३, २, १ अशी उलट मोजणी दाखवून ‘हुंगा’ म्हणावं आणि वास त्याच्या किंचित आधी नाकाशी तयार असावा.

आठवी पायरी: माणूस बसवण्याआधीची परीक्षा

हवेतली वासाची वाफ मोजणारा फोटोआयोनायझेशन डिटेक्टर मिळाला तर त्याची सुई नाकाच्या जागी ठेवा आणि प्रत्येक वासाच्या वीस फेऱ्या नोंदवा. चढ किती वेळात, उतार किती वेळात, विसावी फेरी पहिलीइतकीच उंच आहे का, हे आलेखावर समोर दिसतं. विसावी बुटकी निघाली तर बाटलीतली वाफ भरून यायच्या आत आपण ती उपसतोय, फेऱ्यांतलं अंतर वाढवा.

डिटेक्टर नसला तरी एक परीक्षा फुकट होते, आणि मी तिला सगळ्यांत जास्त मानतो. सगळ्या बाटल्यांत नुसतं तेल भरा. माणूस बसवा, हेडफोन लावा आणि वीस वेळा विचारा: आत्ता बाटली बदलली का? दहाच्या आसपास उत्तरं बरोबर आली तर यंत्र मूक आहे. पंधरा किंवा अधिक बरोबर येणं निव्वळ अंदाजाने शंभरात दोनदाच घडतं. तसं झालं तर कुठेतरी सुगावा शिल्लक आहे. तो शोधा. ठोकळ्यावर ओला गाल धरून व्हॉल्व्ह बदला, गालाला झुळूक लगेच कळते.

नववी पायरी: प्रयोगाचं वेळापत्रक आणि माणसांची काळजी

नाक लवकर सरावतं. सतत वास दिला तर मेंदूच्या प्राथमिक गंधक्षेत्रातला प्रतिसाद अर्ध्या-पाऊण मिनिटात मंदावतो, म्हणून वास एक-दोन सेकंदांचे आणि मधलं अंतर किमान २० ते ३० सेकंद. फेऱ्या कमी होतात हे खरं, पण मेंदूने ऐकूच नये अशा शंभर फेऱ्यांपेक्षा चाळीस चांगल्या. वासाशी जोडलेला कपाळामागचा भाग सायनसच्या पोकळीला लागून असल्याने तिथली प्रतिमा विरते. स्लाइस, म्हणजे प्रतिमेचे एकेक थर, तिरक्या घेण्याबद्दल स्कॅनिंग करणाऱ्यांशी आधीच बोला.

संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी पहिल्या चाचणीआधी हवी; आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचलेली असावीत. दमा, ॲलर्जी, गर्भारपण, सर्दी, अर्धशिशी यांची विचारणा करा. अर्धशिशी असलेल्यांना साधा वासही त्रास देऊ शकतो. कोविडनंतर वास गेलेली किंवा बदललेली माणसं आजही भेटतात, त्यांना आधी साध्या चाचणीने ओळखा. पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत उंदरांच्या गंधज्ञानावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेने याच काळात माणसांसाठी वास देणारं यंत्र बांधून लक्षणं नसलेल्या बाधितांची घ्राणक्षमता मोजली होती. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. उंदरांसाठी लागलेला हात माणसांच्या कामी येतो, हे मला त्या कामात फार आवडलं.

दहावी पायरी: दिवस संपल्यावर

बाटल्या काढा, झाकणं लावा, अंधाऱ्या थंड जागी ठेवा. सगळ्या लाइन अर्धा तास स्वच्छ हवेने वाहत्या ठेवा. मास्क आणि कॅन्युला प्रत्येक माणसाला नवा. ठोकळा बिनवासाच्या साबणाने धुऊन, अल्कोहोलने पुसून वाळवा. प्रयोग करणाऱ्यांनीही त्या दिवशी अत्तर, सुवासिक तेल, गजरा टाळावा, आणि हाताला सॅनिटायझर लावून नळ्या हाताळू नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, फक्त कोरी लाइन चालू करून डोळे मिटून मास्क नाकाशी धरा. काहीच आलं नाही तर पहिल्या माणसाला बोलवा. पुसट गुलाब आला तर गुलाबाची शेवटची मीटरभर नळी कापून टाका आणि नवी लावा.